जुन्या बुलेटचा कॅम बदलावा का?



घरात जुनी बुलेट असली की तिच्याविषयी दोन मते असतातच. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की गाडी आहे तशी राहू द्या, तिने आजवर कुणाला वाटेत सोडले नाही. पोरांचे म्हणणे असे की गाडीत दम उरला नाही, पिकअप नाही, घाट लागला की मागे पडते. आत चांगला कॅम टाकला पाहिजे. मग मिस्त्रीकडे चौकशी होते, खर्चाचा आकडा घरी येतो आणि मधे पडायची पाळी अम्मीवर येते. आमच्याकडे दोन्ही बाजूंची पत्रे येतात. एका भगिनीने तर सरळच विचारले आहे, "हा कॅम असतो तरी काय, आणि त्याच्यासाठी मुलाला पैसे द्यावेत की नाही?"

प्रश्न रास्त आहे. ज्या वस्तूवर घरातला पैसा खर्च व्हायचा, ती काय आहे हे घरातल्या प्रत्येकाला कळले पाहिजे. शिवाय इथे प्रश्न फक्त पैशाचा नाही. त्या गाडीवर आपलेच पोर बसणार आहे. म्हणून या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे. मुलांनी तो वाचावाच, पण आईवडिलांनीही इंजिनाचा विषय म्हणून पान उलटू नये.

कॅमचे काम

चार स्ट्रोकच्या इंजिनात चार कामे पाठोपाठ होतात. हवा-पेट्रोल आत ओढणे, ते दाबणे, पेटवणे आणि जळलेला धूर बाहेर काढणे. आत घेण्यासाठी एक दार असते, बाहेर काढण्यासाठी दुसरे. या दारांना व्हॉल्व म्हणतात. दार कधी उघडायचे, किती उघडायचे आणि कधी मिटायचे हे ठरवतो तो कॅम. तो अंड्याच्या आकाराचा, एका बाजूला फुगीर असा पोलादी तुकडा असतो. तो फिरला की फुगीर बाजू वर येते, टॅपेट उचलला जातो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्वला दाबतो. फुगीर बाजू पुढे सरकली की स्प्रिंग व्हॉल्व परत बसवते. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो.

आता आपल्याकडच्या गाड्या पाहू. मद्रासला १९५५ साली एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि तिथून जी बुलेट ३५० पुढे अर्धशतकभर निघत राहिली, त्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनात कॅम खालीच, उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरच्या आत असतात. इनलेटचा एक आणि एक्झॉस्टचा एक, असे दोन वेगळे कॅम, प्रत्येकाला स्वतःचे दातेरी चाक. म्हणून बुलेटवाले 'कॅम सेट' असा शब्द वापरतात. स्प्लेंडरसारख्या गाडीत मात्र कॅम वर हेडमध्ये असतो आणि तो चेनवर फिरतो. आणि ज्या मुलांना अब्बांच्या आर एक्स १०० मध्ये किंवा जुन्या येझ्दीत कॅम बदलायचा आहे, त्यांनी आधी हे ऐकावे की त्या गाड्या दोन स्ट्रोकच्या आहेत. त्यांच्यात कॅम नसतोच. बदलणार काय?

आकार बदलला की काय बदलते

बाहेरून दोन कॅम जवळजवळ सारखेच दिसतात. फरक असतो तो तीन गोष्टींत.

पहिली उचल, म्हणजे व्हॉल्व किती मिलिमीटर उघडतो. दुसरी मुदत, म्हणजे क्रँक किती अंश फिरेपर्यंत तो उघडा राहतो. तिसरी गाठभेट. धूर बाहेर जायचा संपत आलेला असतो आणि ताजी हवा आत यायला लागलेली असते, अशा वेळी क्षणभर दोन्ही व्हॉल्व एकदमच उघडे असतात. तो काळ किती, ही तिसरी गोष्ट.

मुदतीचा हिशेब शाळेतल्या गणितानेही होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या फिरत असेल तर सेकंदाला ५० फेऱ्या झाल्या. एका फेरीला सेकंदाचे हजार भाग केले तर २० भाग लागले. इनलेट व्हॉल्व क्रँकच्या २५० अंशांपर्यंत उघडा राहतो असे धरा. म्हणजे हवेला आत शिरायला सुमारे १४ भाग मिळाले. हेच इंजिन ६००० फेऱ्यांवर नेले की मिळतात जेमतेम ७. एवढ्यात ३४६ सीसीचा सिलिंडर भरायचा. तेवढ्या हवेचे वजन अर्धा ग्रॅमही भरत नाही, पण तिलाही जडत्व असतेच. ती एकदम निघत नाही आणि एकदा निघाली की एकदम थांबतही नाही.

म्हणून जोरदार म्हणवला जाणारा कॅम व्हॉल्व लवकर उघडतो, जास्त उचलतो आणि उशिरा मिटतो. वरच्या फेऱ्यांत सिलिंडर नीट भरतो आणि ताकद वाढते. यात काही खोटे नाही. पण खालच्या फेऱ्यांत हाच कॅम उलटा वागतो. पिस्टन वर येऊ लागला तरी इनलेट व्हॉल्व उघडाच असतो, त्यामुळे आलेली हवा परत कार्बोरेटरकडे ढकलली जाते. दाब कमी तयार होतो. गाठभेट लांबल्यामुळे थोडे ताजे पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जाते आणि थोडा धूर आत राहतो. गाडी उभी असताना धकधक बिघडते, रेस सोडली की बंद पडते.

आता विचार करा, आपण बुलेट चालवतो कुठे? बाजारपेठेतून, गावातून, डबलसीट, मागे गोणी नाहीतर पिशव्या. बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, त्यामुळे हळू चालवली तरी ती ओढते. कारखान्याने सांगितलेली ताकद सुमारे १८ हॉर्सपॉवर, आणि तीही ५६०० फेऱ्यांच्या आसपास. रोजच्या वापरात तिथपर्यंत गाडी नेतो कोण? ज्या ओढीसाठी बुलेट प्रसिद्ध आहे, ती खालच्या फेऱ्यांतली आहे. कारखान्याने सौम्य कॅम दिला तो मुद्दाम. जोरदार कॅम टाकून आपण जिथे राहतो तिथली ताकद कमी करायची आणि जिथे क्वचित जातो तिथली वाढवायची, हा सौदा आधी नीट तोलून पाहिला पाहिजे.

एकट्या कॅमने भागत नाही

हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि खर्चाचा आकडा सांगताना तोच बाजूला राहतो.

जुन्या बुलेटचे कॉम्प्रेशन मुळातच कमी आहे. जास्त मुदतीच्या कॅमने प्रत्यक्ष दाब आणखी उतरतो. तो भरून काढायला कॉम्प्रेशन वाढवावे लागते, म्हणजे वेगळा पिस्टन नाहीतर हेडवर लेथचे काम. हवा जास्त येणार म्हणून कार्बोरेटरचे जेट बदलावे लागते. व्हॉल्व जास्त उचलला जाणार म्हणून स्प्रिंग कडक घ्यावी लागते, नाहीतर वरच्या फेऱ्यांत व्हॉल्व कॅमच्या मागे पडतो, वेळेवर मिटत नाही आणि पिस्टनला भेटतो. एकदा अशी भेट झाली की व्हॉल्व वाकतो, पिस्टनला भोक पडते आणि हेड, बोअर सगळेच कामाला लागते.

एवढे करूनही खाली क्रँक आणि बेअरिंग तेच जुने राहतात. ९० मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये पिस्टन प्रत्येक फेरीला १८० मिलिमीटर अंतर कापतो. ५५०० फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर होतो. ६५०० फेऱ्यांना तो साडेएकोणीस होतो. वेगातली वाढ थोडी वाटते, पण कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे हजार फेऱ्या वाढल्या की ताण जवळपास ४० टक्क्यांनी वाढला. तीस-चाळीस वर्षे चाललेल्या बिग एंडला हा हिशेब कुणी विचारलेला नसतो.

दोन कारखान्यांची गोष्ट

हे आम्ही पुस्तकी भीती दाखवायला लिहीत नाही. मोठमोठ्या कारखान्यांना हा धडा गिरवावा लागला आहे.

इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली बॉनव्हिल नावाची ६५० सीसीची गाडी आणली. तिच्या इनलेटला ३१३४ क्रमांकाचा तेज कॅम होता. पुढे तो इतका नावाजला की जुन्या ट्रायम्फवाले हौसेने तो आपापल्या इंजिनात बसवू लागले. पण कारखान्याने नुसता कॅम टाकला नव्हता. जोडीला दोन कार्बोरेटर दिले, आणि त्याच वर्षी ६५० च्या इंजिनांसाठी क्रँकही एकाच घडीव तुकड्याचा, पूर्वीपेक्षा मजबूत केला. वर ताकद वाढवायची तर खाली पाया भरायचा, हे त्यांनी पाळले. गाडी वर्षानुवर्षे खपली.

नॉर्टन कंपनीने १९७२ साली कमांडो गाडीला 'कॉम्बॅट' नावाचे इंजिन दिले. तिथेही तेज कॅम होता. कॉम्प्रेशन १० ला १ केले, ३२ मिलिमीटरचे दोन कार्बोरेटर लावले आणि ताकद ६५ हॉर्सपॉवर सांगितली. कागदावर सगळे छान होते. पण वरच्या फेऱ्यांत क्रँक किंचित लवू लागला. मुख्य बेअरिंगचे रोलर सरळ होते, ते लवलेल्या क्रँकखाली कडेने रुतू लागले आणि काही हजार मैलांतच बेअरिंग गेल्याच्या तक्रारी आल्या. शेवटी रोलरची कड किंचित गोलाई दिलेले 'सुपरब्लेंड' बेअरिंग बसवावे लागले, तेव्हा तो प्रश्न सुटला. पण तोवर गिऱ्हाइकांचा विश्वास डळमळला होता आणि कारखान्याला दुरुस्त्यांचा भुर्दंड पडला होता.

ज्यांच्याकडे इंजिनिअर होते, चाचणीची यंत्रे होती, त्यांच्यावर ही वेळ आली. गल्लीतल्या गॅरेजमध्ये एका दुपारी होणाऱ्या कामाबद्दल मग किती सावध राहावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गेलेला दम कुठे गेला?

मुलगा म्हणतो गाडीत दम नाही, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण पुष्कळदा दम कारखान्याने कमी दिलेला नसतो, वर्षांच्या झिजेने गेलेला असतो. आणि तो परत मिळवणे हे नवा जोर विकत घेण्यापेक्षा स्वस्त आणि बिनधोक आहे.

म्हणून कॅमच्या दुकानात जाण्याआधी खालील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. प्लग काढून कॉम्प्रेशन मोजावे. किक मारताना अडत नसेल, पाय सहज खाली जात असेल, तर रिंगा, बोअर किंवा व्हॉल्वच्या बैठका गेल्या आहेत. हेड काढून काजळी साफ करावी, व्हॉल्व घासून बसवावेत. पॉइंट आणि इग्निशनचे टायमिंग लावावे. जुन्या बुलेटचा निम्मा आळस बहुधा इथे सापडतो. कार्बोरेटरची सुई आणि स्लाइड झिजलेली असेल तर बदलावी. क्लच घसरत नाही ना, ब्रेकचे शू चाकाला धरून बसत नाहीत ना, चेन सैल नाही ना, हेही पाहावे. टॅपेट थंड इंजिनावर लावावेत. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून पुशरॉड बोटांनी फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

एवढे करूनही गाडी सुस्त राहिली तर मग कॅमकडे वळावे. तेही बदलण्यासाठी नाही, आधी मोजण्यासाठी. डायल गेज लावून पुशरॉड किती उचलला जातो ते पाहावे आणि त्याच मॉडेलच्या नव्या कॅमशी ताडून पाहावे. कॅमचे टोक चपटे झाले असेल, त्यावर खड्डे दिसत असतील किंवा टॅपेटच्या पायाला खाच पडली असेल, तर व्हॉल्व पुरता उघडतच नव्हता हे उघड आहे. अशा गाडीत कारखान्याच्या मापाचाच नवा कॅम सेट आणि नवे टॅपेट टाकले, तरी गाडी नवीच झाल्यासारखी धावते. या अर्थाने कॅम बदलायला आमची पूर्ण संमती आहे. ही चैन नाही, दुरुस्ती आहे.

झिजलेल्या कॅमवर वेल्डिंग भरून तो घासून देणारेही भेटतात. काम माहितगार माणसाने, योग्य यंत्रावर केले तर ते टिकते. पण हाताने घासलेल्या कॅमचा आकार अंदाजाचा असतो आणि वरचा कडक थरही कच्चा राहू शकतो. अशा कॅमपेक्षा जुना झिजलेला कॅम परवडला.

काम करायचेच ठरले तर

सगळा विचार करून, घरच्यांशी बोलून, जोरदार कॅमच बसवायचा असे ठरले, तर निदान तो नीट बसावा. मुलाने मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून पुढच्या गोष्टी होताना पाहाव्यात.

नव्या कॅमवर जुना टॅपेट बसवू नये. जुन्या टॅपेटचा पाय जुन्या कॅमच्या झिजेप्रमाणे घासलेला असतो, तो नव्या कॅमला खातो. चाकांवर दात जुळवण्याच्या खुणा असतात. त्या एक दात जरी चुकल्या तरी गाडी एक तर चालू होत नाही, नाहीतर व्हॉल्व पिस्टनला लागतो. बाहेरून आणलेल्या कॅमच्या बाबतीत नुसत्या खुणांवरही विसंबू नये. कंपासपेटीतल्या कोनमापकासारखीच पूर्ण ३६० अंशांची चकती क्रँकला लावून व्हॉल्व कुठल्या अंशाला उघडतो आणि मिटतो ते मोजावे आणि कॅमसोबत आलेल्या कागदाशी जुळवावे. ज्या कॅमबरोबर असा कागदच नाही, तो घेऊ नये.

मग मातीची परीक्षा. लहान मुलांच्या खेळण्यातली मऊ रंगीत माती घेऊन तिचा थर पिस्टनच्या माथ्यावर लावावा. हेड आणि पुशरॉड बसवून टॅपेट लावावेत. प्लग काढून ठेवावा आणि इंजिन हळूहळू, हातानेच पूर्ण दोन फेऱ्या फिरवावे. कुठे अडले तर जोर लावू नये, तिथेच थांबावे. मग हेड काढून मातीवरचा व्हॉल्वचा ठसा कापून पाहावा. सर्वांत पातळ जागी इनलेटखाली साधारण दीड मिलिमीटर आणि एक्झॉस्टखाली दोन मिलिमीटर जाडी उरली पाहिजे. एक्झॉस्ट व्हॉल्व जास्त तापतो आणि लांबतो, म्हणून त्याला जागा जास्त. तसेच व्हॉल्व पुरता दाबला असताना स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत हे पाहावे. या परीक्षेला मातीचा खर्च तेवढा येतो, आणि ती हजारोंचे नुकसान वाचवते.

टायमिंग कव्हर परत लावताना एका छोट्या सीलकडे लक्ष द्यावे. बुलेटचे तेलाचे पंप याच कव्हरला असतात आणि तिथून क्रँककडे, बिग एंडकडे तेल जाते. त्या जोडावरची सील फाटली किंवा दुमडली तर तेल बाहेर सांडत नाही, आतल्या आतच चुकीच्या वाटेने जाते. कुणाला कळतही नाही आणि काही दिवसांत बिग एंड वाजू लागतो. सील नवीच टाकावी. गाडी चालू केल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल पोचते की नाही ते डोळ्यांनी पाहावे, मगच पुढे जावे.

कॅम आणि टॅपेटवर बसवतानाच दाट तेल किंवा त्यासाठीची पेस्ट लावावी. पहिल्या सुरुवातीची काही मिनिटे गाडी अगदी मंद ठेवू नये, रेस थोडी वर ठेवावी, म्हणजे कॅमवर तेल उडत राहते. लवकरच पहिले तेल बदलावे. सुरुवातीचे काही शे किलोमीटर सबुरीने चालवावी आणि मधे टॅपेट पुन्हा तपासावेत.

कायदा आणि रस्ता

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी पुस्तकातील माहितीशी आणि कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. मापाप्रमाणे नवा कॅम टाकणे ही दुरुस्ती झाली. पण कॅमच्या निमित्ताने मोठा बोअर, दुसऱ्या क्षमतेचे इंजिन, मोकळा सायलेन्सर अशी रांग लागते, तेव्हा प्रकरण कायद्याच्या दारात जाते. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण लागते, त्या वेळी गाडी तपासायला न्यावी लागते, हेही ध्यानात असावे. शिवाय पीयूसीमध्ये धूर गाडी मंद चालू असतानाच मोजतात. लांब गाठभेटीच्या कॅमचे पेट्रोल नेमके तेव्हाच न जळता बाहेर पडते. तिथे गाडी अडू शकते.

आणि ब्रेकचे काय? जुन्या बुलेटचे ब्रेक ड्रमचे आहेत. वेग ६० वरून ८० वर गेला तर वेग वाढला तिसऱ्या हिश्शाने, पण ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर वाढते जवळपास पावणेदोन पट. हे विज्ञानाच्या पुस्तकात गतिज ऊर्जेच्या सूत्रात लिहिलेले आहे, परीक्षेत मुले ते बरोबर लिहितातही. इंजिनावर खर्च करायला पैसे आहेत तर त्यातला पहिला वाटा ब्रेकचे शू, केबल, टायर आणि चांगले हेल्मेट यांना द्यावा. ते झाल्यावर काही उरले तर कॅमचा विचार. आईवडिलांनी ही एक अट घातली तर ती जुनाट ठरणार नाही.

मुलाच्या हातात पाना आहे, त्याचे काय करावे

काही घरांत एवढा वाद झाल्यावर मुलाला गाडीला हातच लावू देत नाहीत. आम्हाला ते पटत नाही. जो मुलगा कॅमविषयी विचारतो, त्याला चार स्ट्रोक समजले आहेत, अंशांचे माप कळते आहे, आणि बंद कव्हरच्या आत काय चालते याची त्याला जिज्ञासा आहे. वर्गात हे शिकवायला आम्हा शिक्षकांना फार कष्ट पडतात. तो त्याच्या मनाने तिथे पोचला असेल तर त्याला अडवू नये, दिशा द्यावी.

त्याला एक वही द्यावी. गाडीचे कॉम्प्रेशन किती आले, लिटरला किती किलोमीटर पडले, टॅपेट कधी लावले, प्लगचा रंग कसा होता, तेल कधी बदलले, हे तारखेसह लिहायला सांगावे. तीन महिने वही भरली की दम कुठे जातो हे त्याला आपणहून दिसेल आणि कुणाच्या सांगण्यावरून खर्च करायची गरज उरणार नाही. मिस्त्रीकडे सुटीत बसायला लावावे, पण फुकटचा पोऱ्या म्हणून नव्हे, शिकणारा म्हणून. आणि मिस्त्रींना उस्ताद म्हणायला शिकवावे. आपल्या गल्ल्यांमधून असे कितीतरी उस्ताद आहेत, ज्यांना इंजिनाचा आवाज ऐकूनच रोग कळतो. त्यांच्याकडे हुनर आहे, पण मोजमापाची सवय आणि सर्टिफिकेट बऱ्याचदा नसते. नव्या पिढीने दोन्ही मिळवावे. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. पुढे डिप्लोमाची वाटही आहे. हाताचे काम कमी दर्जाचे, हा समज घरातूनच जायला हवा.

ज्या भगिनीने पैसे द्यावेत की नाही असे विचारले, त्यांना आमचे उत्तर असे: तपासणीला द्या, दुरुस्तीला द्या, ब्रेकला तर न मागता द्या. जोरदार कॅमसाठी मात्र मुलाने आधी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून आणावीत. आत्ताचा कॅम मोजला का आणि माप काय आले? नव्या कॅमबरोबर आणखी काय काय बदलावे लागेल आणि सगळ्याची बेरीज किती? खालच्या फेऱ्यांतली ओढ कमी झाली तर चालेल का, कारण गाडी घरातले सगळेच चालवतात? आणि काढलेला जुना कॅम, टॅपेट, स्प्रिंग तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून जपून ठेवणार का, म्हणजे नको वाटले तर गाडी पुन्हा पहिल्यासारखी करता येईल?

चारही उत्तरे नीट आली, तर मुलगा आता जबाबदारीने काम करील असे समजायला हरकत नाही. पुष्कळदा असेही होईल की तिसऱ्या प्रश्नापाशी पोचेपर्यंत टॅपेट लावून, हेड साफ करून, पॉइंट बदलून बुलेट पूर्वीसारखी घाट चढू लागलेली असेल.